दोन दिवसांचे गोकर्ण

गोकर्ण हे कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या कुमठा तालुक्यातले किनारी गाव. उत्तरेला गंगावळीचे मुख, दक्षिणेला अघनाशिनीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पाठीशी सह्याद्री, अशा बेचक्यात ते वसले आहे. बंगळूरुपासून ते पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर आहे. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी पुन्हा कामावर बसणाऱ्या बंगळूरुकरांना एवढे अंतर बरोबर मानवते. त्यामुळे शहरातल्या तरुण नोकरदारांच्या तोंडी गोकर्ण म्हणजे ओम बीच, कुडले बीच आणि किनाऱ्याकिनाऱ्याने केलेला ट्रेक. मराठी घरात मात्र हे नाव वेगळ्याच दाराने आलेले असते. ज्या घरात ‘गुरुचरित्रा’चे पारायण होते, तिथे समुद्र न पाहिलेल्या आजीलाही गोकर्ण ठाऊक असते.

सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’चे सहावा आणि सातवा हे अध्याय गोकर्णाच्या माहात्म्यालाच वाहिलेले आहेत. दत्तसंप्रदायाचे आद्य पुरुष श्रीपाद श्रीवल्लभ तीन वर्षे या क्षेत्रात राहिले आणि मग कृष्णाकाठच्या कुरवपूरला गेले, असे पुढे त्यात येते. ग्रंथकर्ते स्वतः कानडी मुलखातले मानले जातात, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे. दोन्ही भाषांच्या सीमा आज नकाशावर जितक्या ठळक दिसतात तितक्या त्या काळच्या यात्रेकरूला जाणवत नसाव्यात. एक घोटाळा मात्र आधीच मिटवलेला बरा. गोकर्णाच्या देवाचे नाव महाबळेश्वर, पण साताऱ्याच्या थंड हवेच्या महाबळेश्वराशी या गावाचा संबंध नाही. म्हणून जुनी माणसे ‘गोकर्ण-महाबळेश्वर’ असे जोडनाव घेतात.

कथा अशी सांगतात. रावणाची आई कैकसी रोज मातीचे शिवलिंग करून पूजी. आईला रोजरोज मातीचे लिंग कशाला, साक्षात शिवाचेच आणून देतो, म्हणून रावण कैलासावर गेला. तप करून, शिवाला प्रसन्न करून त्याने आत्मलिंग मिळवले. अट एकच होती : लंकेला पोहोचेपर्यंत ते जमिनीवर टेकवायचे नाही. आत्मलिंग लंकेत गेले तर रावण अजिंक्य होणार, हे पाहून देव घाबरले. विष्णूने सुदर्शनचक्र सूर्याच्या आड धरले. सूर्य मावळला असे वाटून रावणाला संध्येची आठवण झाली. हातात लिंग, समोर समुद्र, करावे काय? इतक्यात एक बटू गुरे राखताना दिसला. तो गणपती. ‘तीन वेळा हाक मारीन, तोवर आलास तर ठीक, नाही तर खाली ठेवीन’ असे सांगून त्याने लिंग हाती घेतले, आणि रावण अर्घ्य देत असतानाच भराभर तीन हाका मारून ते जमिनीवर ठेवून दिले. चक्र दूर झाले, सूर्य पुन्हा दिसला आणि फसवणूक रावणाच्या ध्यानात आली. संतापून त्याने बटूच्या डोक्यात ठोसा मारला आणि लिंग उपटायला सारी ताकद लावली. ते पिळवटून गायीच्या कानासारखे झाले, पण निघाले नाही. रावणाला पुरून उरले म्हणून ते महाबळ, आणि गायीच्या कानाच्या आकारावरून गावाचे नाव गोकर्ण. पृथ्वीरूपी गायीच्या कानातून शिव प्रकटला म्हणून गोकर्ण, अशी दुसरीही व्युत्पत्ती सांगतात. गावातल्या पुजाऱ्यांना दोन्ही चालतात.

कथेची शेपटीही किनाऱ्यावर लांबवर पसरली आहे. चिडलेल्या रावणाने लिंगाची पेटी, झाकण, दोरी आणि वस्त्र जिकडेतिकडे भिरकावले. ते जिथे पडले तिथे कारवारचे शेज्जेश्वर, कुमठ्याजवळचे धारेश्वर, होन्नावरकडचे गुणवंतेश्वर आणि भटकळ तालुक्यातले मुरुडेश्वर ही स्थाने झाली, असे मानतात. गोकर्ण धरून ही पंचक्षेत्रे. एकाच गोष्टीने पाच गावे बांधून ठेवावीत, ही किनारपट्टीची जुनी युक्ती दिसते. त्यामुळे यात्रेकरू एका देवळावर थांबत नाही, सबंध किनारा पायाखाली घालतो.

क्षेत्र म्हणून गोकर्णाची कीर्ती किती जुनी, याचा अंदाज वाङ्मयावरून येतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात नारद आकाशमार्गाने दक्षिण समुद्राच्या तीरावरील गोकर्णीच्या शिवाच्या सेवेला निघालेला असतो. वाटेत त्याच्या वीणेवरची माळ वाऱ्याने खाली राणी इंदुमतीच्या अंगावर पडते, तिचा प्राण जातो आणि तिचा पती अज याचा प्रसिद्ध विलाप सुरू होतो. तमिळ शैव संतांपैकी अप्पर आणि संबंदर यांनीही गोकर्णावर पदे रचली आहेत. म्हणजे उत्तरेचा महाकवी आणि दक्षिणेचे संत, दोघांनाही हे नाव परके नव्हते. कर्नाटकातल्या सात मुक्तिस्थळांत गोकर्ण मोडते, आणि ‘दक्षिण काशी’, ‘भूकैलास’ या पदव्या त्याला आजही लावल्या जातात. १९५८ सालच्या कन्नड ‘भूकैलास’ चित्रपटात राजकुमार यांनी रावण साकारला, तोही याच कथेतला.

मराठी इतिहासात गोकर्ण एकदाच, पण ठसठशीत येते. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले. ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे असा तो काफिला होता. बेदनूरकरांच्या ताब्यातले बसरूर हे श्रीमंत बंदर, ज्याला बखरकार सभासद ‘बसनूर’ म्हणतो, त्यांनी अचानक लुटले. महाराज स्वतः समुद्रमार्गे मोहिमेवर गेल्याचे हे गाजलेले उदाहरण. परतताना शिवरात्रीच्या सुमारास ते गोकर्णाला उतरले, समुद्रस्नान केले आणि महाबळेश्वराचे दर्शन घेतले. तिथून त्यांनी बरेचसे आरमार माघारी धाडले आणि सुमारे ४ हजार लोकांनिशी जमिनीवरून अंकोल्याकडे कूच केले. बारा गलबते मात्र मुद्दाम जवळ ठेवली, कारण वाटेत नद्या ओलांडायच्या होत्या. आजही महामार्गावरून कारवारकडे जाताना दर काही मैलांवर एक रुंद खाडी आडवी येते, ती पाहिली की त्या बारा गलबतांचा हिशेब पटतो.

कारवारला इंग्रजांची वखार होती. त्यांनी घाबरून माल जहाजावर चढवला. आदिलशाही सरदार शेरखान नेमका तेव्हा गावात आलेला होता. शेवटी शहरावर हल्ला न होता खंडणीवर भागले, आणि त्यात इंग्रजांच्या वाट्याला ११२ पौंड आले. शेरखानाने आपली होळीची शिकार बिघडवली, असे महाराज म्हणाल्याची नोंद वखारीच्या पत्रव्यवहारात आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांत मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आणि पुरंदरचा तह आला. म्हणजे गोकर्णाची ती शिवरात्र म्हणजे मोठ्या वादळाआधीची शेवटची मोकळी सुट्टीच. पुढे दहाएक वर्षांनी इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर कारवारहून इथल्या यात्रेला आला होता. रथ, गर्दी आणि ब्राह्मणांची वस्ती यांचे त्याने लिहून ठेवलेले वर्णन आजच्या यात्रेकरूलाही ओळखीचे वाटेल.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात असा. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि भाषावार प्रांतरचनेत १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. जवळजवळ शंभर वर्षे गोकर्णाचे सरकार मुंबईत होते. कारवार-हल्याळ भागाचा सीमावाद सर्वांना माहीत आहे, गोकर्ण त्या दाव्याच्या दक्षिणेला राहते. इथली पौरोहित्याची परंपरा हव्यक ब्राह्मणांकडे आहे आणि त्यांची बोली हव्यक कन्नड. तरी महाराष्ट्र-गोव्यातून येणाऱ्या यजमानांशी पिढ्यान्पिढ्या व्यवहार असल्याने मोडकेतोडके मराठी आणि कोकणी देवळाच्या परिसरात सहज ऐकू येते. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील पर्तगाळी येथे गौड सारस्वतांचा जो वैष्णव मठ आहे, त्याच्या पूर्ण नावातही ‘गोकर्ण’ आहे.

महाबळेश्वराचे देऊळ समुद्राकडे तोंड करून उभे आहे. बांधणी दाक्षिणात्य, दगडी, आणि मोठ्या गोपुरांची सवय झालेल्या डोळ्यांना अगदी साधी. गाभारा लहान आहे. चौकोनी शाळुंकेच्या मधोमध एक छिद्र आहे, आणि आत्मलिंग त्याच्या खाली. म्हणून इथले दर्शन डोळ्यांपेक्षा बोटांनी घ्यायचे असते. छिद्रात बोट घालून खालच्या लिंगाचा माथा चाचपायचा, ही इथली परंपरा. पूर्ण लिंग उघडे होते ते अष्टबंध सोहळ्याच्या वेळी, चाळीस वर्षांतून एकदा. पुरुषांना अंगात सदरा घालून आत जाता येत नाही, धोतर किंवा लुंगी लागते. हे ठाऊक नसलेला, बर्म्युडा घालून थेट वाळूवरून आलेला पर्यटक दारातून परत फिरताना रोज दिसतो. बाजारात पांढरी लुंगी विकत मिळते, तेवढ्यासाठी हिरमुसायचे कारण नाही. देऊळ साधारणपणे दुपारी बंद असते आणि संध्याकाळी पुन्हा उघडते. त्यामुळे सकाळी लवकर दर्शन उरकणे शहाणपणाचे.

जुना क्रम पाळायचा तर आधी समुद्रस्नान, मग कोटितीर्थ, मग महागणपती आणि शेवटी महाबळेश्वर. गणपतीचे दर्शन आधी घेण्यामागे वर सांगितलेली कथाच आहे. महाबळेश्वराच्या शेजारच्या त्या देवळात गणपती बसलेला नसून उभा आहे, दोन हातांचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर खोक आहे. रावणाच्या ठोशाची ती खूण, असे पुजारी दाखवतात. चार हात, मोदक, उंदीर अशा गणपतीची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना हा बटू गणपती पहिल्यांदा अनोळखी वाटतो. शिवाय ताम्रगौरी, भद्रकाली, वेंकटरमण अशी बरीच देवळे गावात आहेत. कोटितीर्थ हे गावाच्या मागच्या अंगाचे पायऱ्यांनी बांधलेले मोठे तळे. भोवती जुनी कौलारू घरे, मधे लहानसे देऊळ. पाण्याचा हिरवेपणा पाहून स्नानाचा विचार बरेच जण आवरतात, पण संध्याकाळच्या वेळी पायरीवर अर्धा तास बसण्यासाठी गावात याहून चांगली जागा नाही.

गोकर्णाला येणाऱ्या मराठी लोकांत सुट्टीसाठी न येणारेही पुष्कळ असतात. पिंडदान, श्राद्ध, नारायणबळी यांसाठी हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. उपाध्यायांच्या घरी उतरायचे, विधी करायचे, तिथेच केळीच्या पानावर जेवायचे, असा तो कार्यक्रम. एकाच गल्लीत मुंडण केलेला, ओल्या पंचातला माणूस आणि पाठीवर सॅक टाकलेली मुले समोरासमोर येतात आणि एकमेकांकडे न पाहता पुढे जातात. देवस्थानाच्या कारभाराचा वादही बरीच वर्षे गाजला. २००८ मध्ये राज्य सरकारने देऊळ एका मठाच्या स्वाधीन केले, ते प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले तेच श्रीकृष्ण.

देवळापासून समुद्राकडे जाणारा रस्ता म्हणजे रथबीदी. महाशिवरात्रीला ज्यावरून देवाची मिरवणूक निघते तो अवाढव्य लाकडी रथ एरवी या रस्त्याकडेला उभा असतो. चाके माणसाच्या उंचीची. दोन्ही बाजूंना रुद्राक्ष, तांब्याची भांडी, पूजेचे साहित्य, रंगीत पायजमे आणि चहा-कॉफीची दुकाने. सकाळच्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या हालक्की बायका चटकन ओळखू येतात. गळाभर काळ्या-रंगीत मण्यांच्या माळा, खांद्यावर गाठ मारून नेसलेले लुगडे. हालक्की वक्कल हा अंकोला-कुमठा भागातला शेतकरी समाज, गाण्यांसाठी आणि झाडपाल्याच्या ज्ञानासाठी नावाजलेला. शेकडो लोकगीते मुखोद्गत असलेल्या सुक्री बोम्मगौडा आणि रोपवाटिकेत आयुष्य घालवलेल्या तुळशी गौडा या दोघी पद्मश्री याच समाजातल्या.

रस्ता संपतो तिथे गोकर्णाचा मुख्य किनारा लागतो. लांब, सपाट, आणि सुट्टीच्या छायाचित्रांत फारसा न दिसणारा. हा देवाचा किनारा. यात्रेकरू इथे स्नान करतात, कोळ्यांच्या होड्या इथे ओढलेल्या असतात, उंटावरची फेरीही इथेच. बंगळूरुहून आलेल्या मंडळींचे गोकर्ण सुरू होते ते दक्षिणेची टेकडी चढल्यावर. गावाच्या दक्षिणेला जांभ्याचा सडा थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या खाचांत एकापाठोपाठ एक पुळणी दडलेल्या आहेत : कुडले, ओम, हाफ मून, पॅरडाइज. कोकणातल्या माणसाला ही रचना नवी नाही. वर काळपट लाल कातळ, पावसाळ्यानंतर त्यावर पिवळे-जांभळे रानफुलांचे गालिचे, आणि काठावरून खाली पाहिले की अर्धचंद्राची पांढुरकी वाळू.

कुडले गावापासून टेकडीवरून वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे. पुळण रुंद, उतार बऱ्यापैकी सौम्य, आणि मागे झोपड्यावजा खोल्या व खाणावळींची रांग. पुढे ओम बीच. दोन अर्धवर्तुळे आणि मधे समुद्रात शिरलेला खडक, अशी तिची ठेवण वरून पाहिली की ॐ मधला ‘३’ स्पष्ट दिसतो. कन्नड लिपीतला ओम असा दिसत नाही, त्यामुळे हे नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवनागरीच अक्षर असणार. ओमपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी गर्दीही तिथेच सर्वांत जास्त. त्यापुढे मात्र पायवाट किंवा होडी. हाफ मून अगदी लहान, आणि पॅरडाइज दगडाधोंड्यांची. चारही पुळणी एका दमात चालायच्या तर अर्धा दिवस लागतो. पायात धड बूट हवेत, डोक्यावर टोपी हवी, आणि पाणी बरोबर हवे, कारण सड्यावर सावली नाही.

१९८०-९० च्या दशकांत गोव्याचे किनारे गजबजू लागले, तेव्हा शांतता शोधणारे परदेशी पाहुणे खाली सरकत इथे आले. कुडले आणि ओमवर ते महिनोन्महिने मुक्काम ठोकून राहत. नंतर बंगळूरुचा माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग फुगला, रात्रीच्या बसगाड्या वाढल्या आणि परदेशी पाहुण्यांची जागा साप्ताहिक सुट्टीवाल्यांनी घेतली. गाव क्षेत्राचे असल्याने दारू आणि सामिष खाणे देवळाच्या परिसरात खपवून घेतले जात नाही, टेकडीपलीकडे डोळेझाक होते. ही अलिखित वाटणी आजवर बऱ्यापैकी टिकली आहे. ती मोडते ती नव्या वर्षाच्या आदल्या रात्री. त्या आठवड्यात गोकर्णाला जाणे म्हणजे बंगळूरुची वाहतूक कोंडी सामानासकट समुद्रावर नेणे.

समुद्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खडकांनी विभागलेल्या या पुळणींत पाण्याची ओढ फसवी असते. वरून शांत दिसणाऱ्या जागीच परतणारा प्रवाह माणसाला आत खेचतो, आणि खडकावर उभे राहून फोटो काढणाऱ्याला एखादी लाट पुरते. पोहताना बुडण्याच्या घटना इथे दरवर्षी घडतात आणि त्यांत समुद्राची सवय नसलेल्या पठारावरच्या तरुणांचे प्रमाण लक्षणीय असते. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली तर बाहेर यावे, ओहोटीच्या वेळी आत जाऊ नये, अंधारात पाण्यात उतरूच नये. प्रवाहात सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात पाऊलही टाकू नये.

देऊळ आणि पुळणी यांच्या नादात अघनाशिनी राहून जाते, आणि तीच खरे तर या भागाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. सिरसीच्या बाजूला उगम पावणारी ही नदी सव्वाशे किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळते. तिच्यावर एकही मोठे धरण नाही. पश्चिम घाटातल्या नद्यांत असे भाग्य फार थोड्यांना लाभले आहे. गोड्या पाण्याचा आणि गाळाचा प्रवाह अखंड असल्यामुळे तिची खाडी अजून जिवंत आहे. तिवरांची बने, झिंगे, मासे, स्थलांतरित पक्षी, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या. ओहोटीला खाडीचे पाणी उतरले की शेकडो माणसे, त्यांत बायका पुष्कळ, कमरेइतक्या पाण्यात उतरून शिंपले गोळा करतात. खाडीकाठच्या खाजणांना इथे ‘गजनी’ म्हणतात. खारे पाणी सोसणारा ‘कग्गा’ नावाचा भात तिथे पावसाळ्यात होतो, आणि पीक निघाल्यावर त्याच वाफ्यांत मासे-झिंगे वाढतात. गोव्यातल्या खाजणांचीच ही दक्षिणेकडची भावंडे. खाडीच्या मुखाशी ताडदी हे मासेमारीचे बंदर आहे. एकेकाळी तिथे मोठा औष्णिक वीजप्रकल्प उभारण्याचा बेत होता, तो स्थानिकांच्या विरोधामुळे बारगळला. जानेवारी २०२४ मध्ये अघनाशिनीची खाडी रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली.

खाडीच्याच काठी सानिकट्टा येथे जुनी मिठागरे आहेत. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग रस्त्यावरून दिसतात. मिठाचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा संबंध इथेही आहे. शेजारच्या अंकोल्याला १३ एप्रिल १९३० रोजी एम. पी. नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मिठाचा कायदा मोडला गेला. ताडदीहून तरीने अघनाशिनी गावी पलीकडे जाता येते. माणसे, मासळीच्या टोपल्या आणि दुचाक्या एकाच होडीत. दोन दिवसांतला एक तास या तरीला द्यावा. परत येताना ओहोटी लागली असेल तर शिंपले वेचणारी माणसे होडीतूनच दिसतात.

खाण्यापिण्यात मराठी माणसाला इथे फार परकेपणा वाटत नाही. नीर दोसा म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, फक्त आणखी पातळ आणि नाजूक. आमसुलाची कढी सोलकढीच्या जवळची. हव्यक स्वयंपाकातली तंबळी, म्हणजे ताकात वाटलेल्या पाल्याचे थंड कालवण, उन्हातून आल्यावर पोटाला आराम देते. उसाच्या रसात तांदळाचे पीठ कालवून उलट्या मडक्यावर काढलेले कागदासारखे पातळ तोडदेवू हा घाटावरच्या सिरसी भागाचा पदार्थ किनाऱ्यावरही विकायला येतो. मासळी हवी असेल तर गाव सोडून कुमठ्याच्या किंवा अंकोल्याच्या खाणावळीत जावे. उन्हाळ्यात कुमठ्याजवळ महामार्गाच्या कडेला गोड कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात, आणि मेच्या सुमारास अंकोल्याचा करी इशाड आंबा येतो. हा आंबा पातळ सालीचा आणि नाजूक, दूरच्या बाजाराला सोसत नाही, त्यामुळे तो खायचा तर इथेच यावे लागते.

दोन दिवसांत आणखी एखादेच ठिकाण धड पाहून होते. इतिहासाची आवड असणाऱ्याने मिर्जानचा किल्ला निवडावा. जांभ्याचे बुरूज, शेवाळलेल्या भिंती, भोवती खंदक. सोळाव्या शतकात गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिचा या भागावर अंमल होता, आणि मिरीच्या व्यापारावरची तिची पकड पाहून पोर्तुगीज तिला ‘मिऱ्याची राणी’ म्हणत. जंगल हवे असेल तर घाटातले याण. तिथले दोन काळेकभिन्न सुळके, मोठा १२० मीटरचा, झाडीतून अचानक समोर येतात. कथेचा धागा पुढे न्यायचा तर सुमारे पाऊणशे किलोमीटर दक्षिणेला मुरुडेश्वर. तिथली १२३ फुटांची शिवमूर्ती आणि वीस मजली गोपुर अलीकडच्या काळातली. गोपुराच्या वर लिफ्टने जाता येते. गोकर्णातल्या बोटभर दर्शनानंतर हा भव्यपणा जरा जास्तच मोठ्याने बोलतो. पण समुद्रात घुसलेल्या त्या टेकाडाची जागा मात्र नि:संशय देखणी आहे.

बंगळूरुहून जायचे मार्ग तीन. मॅजेस्टिकमधून किंवा यशवंतपूरच्या बाजूने सुटणाऱ्या रात्रीच्या स्लीपर बसगाड्या बहुधा हुबळी-येल्लापूर-अंकोला या वाटेने किंवा शिवमोग्याच्या बाजूने घाट उतरतात आणि सकाळी गावातच सोडतात. स्वतःच्या गाडीने जाणारे सागर-जोग-होन्नावर ही वाट पसंत करतात, पावसाळ्यानंतर जोगचा धबधबा वाटेवरच पडतो म्हणून. तिसरी रेल्वे. बंगळूरु-कारवार पंचगंगा एक्सप्रेस २०२० मध्ये सुरू झाली. कोल्हापूरकरांनी नावावरून हुरळून जाऊ नये. ही पंचगंगा म्हणजे उत्तर कन्नडच्या काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती आणि वेंकटापूर या पाच नद्या. गाडी संध्याकाळी बंगळूरु सोडते, हासन मागे टाकते आणि सकलेशपूर-सुब्रमण्य हा ५७ बोगद्यांचा घाट रात्रीच उतरते. त्यामुळे घाट दिसत नाही, फक्त बोगद्यांचा आवाज येतो. सकाळी जाग येते ती कोकण रेल्वेवर. होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटर लांबीचा पूल लागतो, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. मग कुमठा, अघनाशिनी आणि गोकर्ण रोड स्थानक. तिथून गाव काही किलोमीटर आत आहे, रिक्षा मिळते. मुंबई-पुणे किंवा गोव्याहून येणाऱ्यालाही १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेच सोयीची. मात्र लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या गोकर्ण रोडला थांबत नाहीत. तेव्हा अंकोला किंवा कुमठा हा पर्याय ठेवावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस जाण्याला उत्तम. मार्चनंतर दमट उकाडा वाढतो. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेव्हा हिरवाईचे वेड असणाऱ्यांनी यावे, पण घाटरस्त्यांवर भरवसा ठेवू नये. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर कोसळला, माणसे आणि वाहने गंगावळीत गेली आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. महाशिवरात्रीला रथोत्सव पाहायचा असेल तर खोली महिनाभर आधी ठरवावी लागते. शांतपणा हवा असेल तर आठवड्याच्या मधले दोन दिवस काढावेत, मंगळवार-बुधवारी ओम बीचवरही कावळे माणसांपेक्षा जास्त असतात.

राहण्यासाठी देवळाच्या गल्लीतली जुनी घरे आणि लॉज स्वस्त आणि सोयीचे, पण पहाटेच्या घंटेने जाग येणार हे धरून चालावे. कुडलेच्या खोल्यांत लाटांचा आवाज येतो आणि डासही. पहिली सकाळ देवळाला आणि रथबीदीला, दुपार सावलीत, संध्याकाळ कुडलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावरून चालत ओम व पुढे, असा बेत बहुतेकांना जमतो. परतीची पंचगंगा संध्याकाळी लवकर गोकर्ण रोडला येते, त्यामुळे रेल्वेने निघणाऱ्याला शेवटच्या दिवशीचा सूर्यास्त सोडावा लागतो. बस त्यानंतर सुटते.